साखरचौथीची घंटा

"मी नाय चोरली, मॅडम. शिनेमातल्या पोरीनं चोरली. तिचं त्वांड माजं हाय, यवढंच."

"अगं हो गं, तेच म्हणतेय मी," अरुंधती मॅडम म्हणाल्या. "पण शेवटी कबूल किती गोड करतेस! मला तर बाई रडूच आलं."

"त्या कबूल करन्यातला आवाज पन माजा नाय. तो ठान्याच्या बाईचा."

"असं होय? छान लावलाय पण."

यावर चांगुणा हिलमनं हातातल्या खेकड्याच्या नांग्या सुतळीनं जरा जास्तच आवळल्या. पनवेलच्या मासळी बाजाराच्या आत ओट्यांवर बसतात त्या हक्काच्या जागावाल्या बायका. आपट्याकडून नदीचे खेकडे आणि कोलंबी घेऊन येणाऱ्या कातकरणी बसतात बाहेर, गटाराच्या कडेला, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. तिथंच चांगुणा उकिडवी बसलेली आणि तिच्यापुढं टोपात खेकडे खरखरत होते. अरुंधती मॅडम नव्या पनवेलातल्या एका सोसायटीतल्या. वाकून खेकडे बघताना त्यांनी एका हातानं पर्स काखेत गच्च धरली होती. रडू त्यांच्या डोळ्यांना आलं होतं, पर्सला काही आलं नव्हतं.

बाजूला बिल्कीस चाची पिशवी धरून उभी होती. मोहल्ल्यातली जुनी गिऱ्हाईक, नदीच्या कोलंबीशिवाय तिच्या घरात जुम्मा होत नाही. ती म्हणाली, "चांगुना, बेटा, किती जणींना सांगशील? गळ्यात पाटी लटकव एक."

"पाटी वाचनार कोन, चाची? समदी शिनेमा बघत्यात."

तर ही गोष्ट त्या चोरीची. म्हणजे कधी न झालेल्या चोरीची. जी झाली ती पुराव्यावाचून विरून जाते आणि जी झालीच नाही ती माणसाच्या अंगाला गोचडीसारखी चिकटते, असं का, ते ज्याला कळलं त्यानं पुढची गोष्ट वाचायची गरज नाही.

चांगुणा पाताळगंगेच्या काठच्या आदिवासी वाडीतली. वाडीला शाळा नाही, म्हणून शेजारच्या गावच्या शाळेत जायची. गावाचं नाव कशाला, अशी गावं पायलीला पन्नास. पोरगी सातवीत, अंगानं काटकुळी, रंगानं जांभळासारखी, आणि शाळेत सगळ्यांच्या आधी हजर. त्यात अभ्यासाची गोडी किती होती देव जाणे, पण पहाटे आईबरोबर नदीवर मासे धरायला जायचं आणि तिथूनच ओल्या परकरानं शाळा गाठायची, त्यामुळं ती आधी पोचायची. कमलाकर सर तेव्हा नुसते सर होते, हेडमास्तर झाले नव्हते. त्यांनी तिला घंटा वाजवायचं काम दिलं. शिपाई उशिरा यायचा, पोरगी लवकर यायची, सरांचा चहा सुखानं व्हायचा. पितळेची घंटा होती, परातीएवढी, कुणा शेठनं दिलेली. लाकडी मोगरीनं चांगुणा ती अशी बडवायची की नदीपलीकडं आपट्यात बायका म्हणायच्या, आली कातोडीन शालेत.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद. सुट्टीनंतर उघडली तर दांडीला घंटा नाही.

आता तुमच्या-आमच्या घरात डबा हरवला तर आधी फळीवर बघतात, मग कॉटखाली, मग शेजारी विचारतात. गावानं असलं काही केलं नाही. गाव सरळ वाडीवर आलं. घंटेला शेवटचा हात कुणाचा, तर चांगुणाचा. ही कोण, तर कातोडी. झाला निकाल. पुढं कमलाकर सर आणि मागं गावची पाच-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी गंमत बघायला आलेली. झोपडी झोपडी उलटीपालटी केली. भाताची मडकी उपडी केली, जाळ्यांची गुंडाळी सोडून बघितली, जशी काय परातीएवढी घंटा जाळ्याच्या डोळ्यात लपते. चांगुणाची आई सखूबाई, तिच्या घरात पितळेची एकच वस्तू. लग्नातली कळशी. ती बघून एकजण म्हणाला, घंटा वितळवून केली असंल. सुट्टीच्या दिवसांत घंटा वितळवून तिची कळशी घडवायची आणि वर ती जुनाट काळी पडलेली दिसेल अशी करायची, एवढं कसब सखूबाईच्या अंगात असतं तर ती गटाराच्या कडेला खेकडे विकत कशाला बसली असती? पण त्या माणसाला ते शहाणपण वाटलं. त्यानं कळशी आपटून बघितली. कळशी खणखणली, पोचा पडला.

कमलाकर सरांनी चांगुणाला शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या पोरांसमोर उभं केलं आणि विचारलं, कुठं विकलीस? ती म्हणाली, मी नाय घेतली. त्यांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. तेव्हा सरांनी ते वाक्य उच्चारलं जे ऐकून पोरगी व्हरांड्याची पायरी उतरली ती परत चढली नाही. "तुमच्या जातीला खोटं बोलायला शिकवावं लागत नाही."

आणि घंटा कुठं होती? ऐका. घंटा होती गणपतीला.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी कमलाकर सरांनी स्वतःच ती आपल्या मोठ्या भावाकडं धाडली होती, आरतीला दणदणीत पाहिजे म्हणून. गौरीबरोबर भावाचा गणपती गेला की घंटा परत यायची. पण पेण, पनवेल, उरण या बाजूला बाप्पा एकदाच येऊन जात नाही. बाकीचा महाराष्ट्र पितृपक्षात कावळ्यांना घास घालत असतो तेव्हा आमच्याकडं साखरचौथीचा गणपती बसतो. सरांच्या पेणकडच्या मेव्हण्याचा असा साखरचौथीचा नवसाचा गणपती. मेव्हणा भावाकडनं घंटा परस्पर घेऊन गेला. भावाला वाटलं सरांना ठाऊक असेल, सरांना वाटलं भावानं शाळेत पोचवली, आणि मेव्हण्याला काही वाटलंच नाही, तो आरती करत होता. ज्या दिवसांत वाडीवर मडकी फुटत होती त्याच दिवसांत ती घंटा पेणकडं सुखकर्ता दुःखहर्ताला ठेका धरत होती.

साखरचौथीचं विसर्जन झालं आणि घंटा टेम्पोतनं परत आली. शिपायानं टांगली, वाजवली. चांगुणा तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, खेकड्याच्या बिळात दंडापर्यंत हात घालून. तिनं आवाज ओळखला. हात तसाच बिळात राहिला आणि खेकड्यानं बोट फोडलं. सखूबाई शाळेत गेली आणि विचारलं, सर, घंटा गावली? सर म्हणाले, गावली ना, जा आता. झालं. वाडीवर जायला पंचवीस माणसं होती, गावली हे सांगायला एकही पाय वळला नाही. उलट नाव पडलं ते पडलंच. गावातली पोरं चांगुणाला बघून टणटण करायची. घंटा रोज दांडीवर दिसत होती, तरी चांगुणा घंटाचोरच. हे गणित फक्त गावालाच सुटतं.

पोरगी वाढली. बाजारात बसायला लागली. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. कातकरणी बाजारात आवाज टाकत नाहीत, ही जुनी रीत. आतल्या बायका ओरडतात, बाहेरच्या गप बसतात, गिऱ्हाईक येईल त्याची वाट बघतात. सखूबाई सांगायची, आपून वरडलं का लोकांना वाटतं भांडाय आली. म्हणून गप. चांगुणाच्या मनात एकच गोष्ट अडकून होती, घशात माशाचा काटा अडकावा तशी. कधीतरी, कुठंतरी, चार माणसांसमोर, सर असताना, बोललं गेलं पाहिजे की हिनं चोरली नाही. माफी नको होती. माफी घेऊन काय पोचा निघतो?

अशात स्वानंद आला.

स्वानंद वाढला नव्या पनवेलात, शिकला पुण्यात, आणि गरिबी त्याला सापडली एका शिबिरात. खादीचा कुर्ता, पायात महागातल्या फाटक्या चपला. बाजारात चेहरा शोधत हिंडत होता. चांगुणाला बघून तो असा थबकला जसा कोणी मोठा रावस बघून थबकतो. बरोबर रुचिरा होती, त्याची सहायक, सतत फोनवर आणि सतत थकलेली. स्वानंद रुचिराला म्हणाला, हे बघ, हे टेक्श्चर. चांगुणाला वाटलं खेकड्यांबद्दल बोलतोय, तिनं भाव सांगितला.

त्याचा सिनेमा होता एका आदिवासी मुलीचा. तिच्यावर अन्याय होतो, ती मोठी होते, आणि शेवटी तिला स्वतःचा आवाज सापडतो. असं तो सांगत होता, हातवारे करून, आणि चांगुणा ऐकत होती. आवाज हरवतो कुठं म्हणजे सापडायला, हे तिला कळेना. पण अन्याय म्हटल्यावर तिनं मान वर केली आणि घंटेची सगळी हकिकत सांगितली. साखरचौथीसकट. स्वानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा लोकांच्या डोळ्यांत पाणी नळासारखं असतं, वेळ ठरलेली, जोर कमी. तो म्हणाला, हीच आपली फिल्म. चांगुणानं एकच अट घातली.

"शेवटाला मी बोलनार. मी घंटा चोरली नाय, ती सरांच्या मेव्हन्याकडं व्हती. हे शिनेमात पायजे. नायतर मी नाय येत."

"अगं, तोच तर क्लायमॅक्स आहे," स्वानंद म्हणाला.

शूटिंगला वाडीवर आले तेव्हा त्यांना वाडी पसंत पडली नाही. गरिबी कमी पडत होती. सखूबाईनं मुद्दाम सारवून, प्लास्टिकच्या खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, त्या उचलल्या. छपरावरची टीव्हीची थाळी काढली. गॅसची शेगडी पोत्याखाली लपवली आणि अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. ओल्या लाकडांचा धूर, सगळे खोकतायत, आणि स्वानंद म्हणतोय, सुंदर. सखूबाई म्हणाली, "इतकी वरसं चुलीपाशी डोलं फोडलं, तवा कोन नाय आला फोटू काडाया. गॅस आला, तर आले."

चांगुणा आली ती नवा गुलाबी ड्रेस घालून, केसांना तेल लावून. तिला फाटका फ्रॉक दिला. फ्रॉक नवाच होता, ब्लेडनं फाडलेला. मग रंगवणारा आला. कॅमेऱ्यात पोरगी उजळ दिसते म्हणे. जन्मभर जिला काळी म्हणून हिणवलं तिला सिनेमावाल्यांनी गोरी ठरवलं आणि तोंडाला, मानेला काळा रंग फासला. तोंड काळं करणं म्हणजे काय, ते गावाला ठाऊक असतं. या मंडळींना मराठीच कमी येत होतं.

शाळा पाहिजे होती तीच, घंटा पाहिजे होती तीच. कमलाकर सर आता हेडमास्तर. स्वानंद त्यांना भेटून आला आणि म्हणाला, सर फार मोठ्या मनाचे आहेत, शाळा दिली, घंटा दिली, शिवाय स्वतः काम करायला तयार झालेत. चांगुणानं विचारलं, कसलं काम? तर मास्तरचं. गावच्या जत्रेतल्या नाटकांत सरांनी हयात घालवलेली, मिशा लावून छत्रपतींचा सरदार व्हायचे. चांगुणाला पहिल्यांदा हसू आलं, मग बरं वाटलं. म्हणजे सरांच्या तोंडावर बोलायचं. याहून चांगलं काय?

पण सर आणि ती समोरासमोर आलेच नाहीत. सरांचे तुकडे एका दिवशी घेतले, तिचे दुसऱ्या दिवशी. तिला व्हरांड्यात उभं केलं, समोर भिंतीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली. रुचिरा म्हणाली, हे सर समज आणि बोल. चांगुणा त्या फुलीला बोलली. जे एवढी वर्षं घशात होतं ते सगळं बाहेर पडलं. मी घंटा चोरली नाय सर, घंटा तुमच्या मेव्हन्याकडं व्हती, साखरचौथीला. स्वानंद उठून आला, तिचे खांदे धरले आणि म्हणाला, ग्रेट. फुलीला काही वाटलं नाही.

रुचिरा म्हणाली होती, आवाज मागाहून भरतात. चांगुणाला वाटलं, बोलावतील. ती फोनची वाट बघत राहिली, बाजारात फोन ओच्यात बांधून बसायची. फोन आला तो थेट सिनेमा दाखवण्याचा. पनवेलला नाट्यगृहात, सगळ्यांना आमंत्रण.

वाडी टमटम करून गेली. सखूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. त्यांना मागच्या रांगांत बसवलं, पुढं पाहुणे होते. स्टेजवर तिवईला टांगलेली शाळेची घंटा. दीप लावायच्या ऐवजी घंटा वाजवून सुरुवात करायची, अशी कल्पना. आणि ती वाजवली कुणी, तर कमलाकर सरांनी. इस्त्रीचा नेहरू शर्ट, कपाळाला गंध. टोले अगदी आरतीच्या ठेक्यात.

सिनेमा चालू झाला. वाडी खूश. हा आमचा डोह, ती दादूची होडी, ते बघ तुजं कुत्रं. मग घंटा हरवली. पडद्यावरचा गाव वाडीवर आला. पण पडद्यावर त्यांच्या पुढं कमलाकर सर नव्हते, कोणी एक मिशाळ सावकार होता, जो या मुलखात कोणी कधी बघितला नाही. सर होते मागं, हात जोडून गावाला आवरणारे. पोरीला पोटाशी घेणारे. मागच्या रांगेतनं कोणीतरी म्हणालं, हे कवा झालं?

मग व्हरांडा आला. चांगुणा खुर्चीच्या कडेला सरकली. पडद्यावर तिचा चेहरा एवढा मोठा की नाकपुडीत माणूस मावला असता. ओठ हलले. ओठ तेच म्हणत होते जे ती बोलली होती, ती स्वतःचे ओठ ओळखत होती. पण त्यातनं आवाज आला पातळ, साखरेत घोळवलेला. "हो सर, मीच चोरली घंटा. भूक लागली होती सर. भुकेला जात नसते." आणि कमलाकर सरांचा चेहरा, डोळ्यांत ग्लिसरीन. "बाळ, चोर तू नाहीस. चोर हा समाज आहे." आणि तिच्या डोक्यावर हात. नाट्यगृहात हुंदके. पुढच्या रांगांतले रुमाल बाहेर.

सखूबाईनं लेकीचा दंड धरला. "तू असं बोल्लीस?"

"नाय गं आये."

"मंग कोन बोलतं तुज्या तोंडातनं?"

त्याचं उत्तर मध्यंतरानंतर मिळालं नाही, कारण मध्यंतर नव्हतं. चांगुणा उठून सरळ रुचिराला गाठायला पुढं गेली. रुचिरा फोन कानाला लावूनच बोलली, पण खरं बोलली, तेवढं तिचं मोठेपण. सरांनी शाळा देताना गोष्ट वाचून घेतली होती. मेव्हण्याचं नाव राहिलं तर शाळा नाही, घंटा नाही. शिवाय तुझी भाषा सगळ्यांना कळली नसती, म्हणून आवाज ठाण्याच्या एका बाईचा भरला. शिवाय, आणि हे तिनं फार प्रेमानं सांगितलं, चोरी केलेली दाखवल्यानं पात्राला खोली येते. नुसतीच निरपराध मुलगी म्हणजे सपाट वाटते.

म्हणजे दया करायला चोर पाहिजे होता. चोर नव्हता, तर करून घेतला. गावानं केला तेव्हा निदान दया तरी केली नव्हती.

तेवढ्यात दिवे लागले, टाळ्या थांबेनात आणि स्वानंदनं माईकवर चांगुणाचं नाव घेतलं. रुचिरानं तिला स्टेजकडं ढकललं आणि कानात म्हणाली, फक्त थँक्यू म्हण. स्टेजवर शाल आली, नारळ आला. शाल कमलाकर सरांच्या हातून. सर हसून म्हणाले, "माझी विद्यार्थिनी." चांगुणानं नारळ घेतला, तो काखेत मारला आणि माईक धरला.

"सर, मी सातवीत व्हती तवा ही घंटा कुटं गेल्ती?"

बस, एवढंच. ना आरोप, ना रडणं. आवाज बाजारात भाव सांगावा तसा.

आता कमलाकर सर शहाणे असते तर हसून बाजूला झाले असते. पण नटाच्या हातात दुसरा माईक होता, समोर भरलेलं सभागृह होतं, आणि ते तापलेलं होतं. नटाला तापलेलं सभागृह आणि बोक्याला उघडं दूध. सर पुढं आले.

"अहो, तो एक किस्साच आहे," ते म्हणाले. आणि रंगवून सांगितला. भावाकडं पाठवली, तिथनं मेव्हण्यानं साखरचौथीला पळवली, "आणि मी इकडे मूर्खासारखा शोधतोय!" सभागृह खदखदून हसलं. पनवेलकरांना साखरचौथ कळते, घरोघर असले घोळ होतात. कुणाचा पाट, कुणाची समई, कुणाची घंटा. सरांना हशा चढला. त्यांनी मेव्हण्याची नक्कल केली.

"मंग चोर कोन, सर?" चांगुणा म्हणाली.

हसणं एकदम थांबत नाही. पुढच्या रांगा आधी थांबल्या, मग मधल्या. मागच्या रांगा हसल्याच नव्हत्या.

"अगं, चोर कुणी नाहीच, तो गैरसमज होता..."

"मंग मना का काडली शालेतनं?"

"काढली कुठे? तूच आली नाहीस."

तेव्हा मागनं सखूबाई उभी राहिली. तिच्यापाशी माईक नव्हता. ती आयुष्यात कधी बाजारात ओरडली नव्हती, म्हणून तिचा आवाज किती आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. "कलशीला पोचा हाय अजून, सर. या बघाया. पंचवीस जन आनायची गरज नाय, एकलं या."

सरांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. ते माईककडं असे बघायला लागले जसा तो त्यांच्या हातात दुसऱ्याच कुणी दिला. रुचिरा धावत आली आणि चांगुणाच्या हातातला माईक घेतला, वेळेअभावी. चांगुणानं तो सुखानं दिला.

"घंटा सरांच्या मेव्हन्याकडं व्हती. मी चोरली नाय. शिनेमात खोटं हाय," ती म्हणाली, आणि हे माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

पुढं काय झालं असेल? लोक उठून सरांना जाब विचारायला गेले असतील, असं ज्याला वाटतं तो कधी पनवेलात राहिलेला नाही. स्वानंदनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सभागृह उभं राहिलं. कार्यक्रमच आहे, असं त्यांना वाटलं. मागून एक बाई म्हणाली, किती नॅचरल बोलते. कमलाकर सर तेवढे टाळी वाजवत नव्हते. त्यांना कळलं होतं. वाडीला कळलं होतं. जे चार माणसांसमोर बोललं जायला पाहिजे होतं ते शेकडो माणसांसमोर बोललं गेलं, खुद्द सरांच्या तोंडून, आणि वर हशा-टाळ्या घेऊन गेलं.

बाहेर वडापाव वाटत होते तिथं स्वानंदनं चांगुणाला गाठलं. आधी म्हणाला, तू मला अडचणीत आणलंस. मग खालचा ओठ चावत विचार केला आणि म्हणाला, पण काय पॉवरफुल होतं. आता फिल्म बाहेरगावी जाईल, प्रत्येक शोनंतर असंच करूया. आईलाही घेऊन चल. ती कळशी पण.

चांगुणानं शाल त्याच्या हातात ठेवली. नारळ ठेवून घेतला, आमटीला लागतो. "मना बाजार हाय," म्हणाली.

सिनेमाचा शेवट काही बदलला नाही. तो मोबाइलवर आला आणि या फोनमधून त्या फोनमध्ये गेला. त्यात चांगुणा रोज चोरी करते, रोज कबूल करते आणि रोज सर तिला माफ करतात. नाट्यगृहात जे झालं ते कुणी त्याला जोडलं नाही. म्हणून बाजारात हे असं चाललंय. रोज एखादी मॅडम येते, ओळखते, गहिवरते आणि पर्स आवळते. चांगुणा सांगते, मी नाय चोरली. कुणाला पटतं, कुणाला नाही. ती कुणालाच सोडत नाही.

अरुंधती मॅडमनाही तिनं सांगितलं, घंटा कुठं होती ते, साखरचौथीसकट. मॅडमनी मान हलवली, अच्छा, अच्छा. मग म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत आम्ही ठेवतोय हा सिनेमा, पुढच्या रविवारी. मुलांना कळायला हवं गं, भेदभाव म्हणजे काय ते."

बिल्कीस चाचीनं विचारलं, कुठली सोसायटी? मॅडमनी नाव सांगितलं. चाची हसली. तिच्या लेकानं, इमादनं, तिथंच फ्लॅट बघितला होता. टोकन द्यायला गेला तर नाव ऐकून सेक्रेटरी म्हणाला, आमच्याकडं फॅमिली वातावरण आहे. इमादची बायको आणि दोन पोरं म्हणजे बहुतेक क्रिकेटची टीम असावी. चाचीनं हे सगळं मॅडमना शांतपणे सांगितलं आणि वर म्हणाली, "सिनेमा ठेवा जरूर. आम्ही खाली गेटवर उभं राहून बघू."

मॅडमचा चेहरा जरा उतरला. ते कमिटीचं असतं, म्हणाल्या, आमच्या हातात नसतं. मग त्यांनी खेकड्यांची पिशवी उघडली आणि आत बोट घालून खेकडे परत मोजले. चांगुणानं मोजू दिले.

"बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या.

"बरोबरच असत्यात," चांगुणा म्हणाली. "बोट काडा आता, सुतली सैल असली तं फोडतंय."

मॅडम गेल्या. चाचीनं कोलंबीचा वाटा पिशवीत घेतला, लिंबू मोफत मागितलं, मिळालं नाही, तरी हसत गेली. ऊन गटाराच्या कडेवरून टोपापर्यंत आलं होतं. चांगुणानं खेकड्यांवर ओला पाला टाकला, पाणी शिंपडलं. पलीकडं सखूबाई पाटी घेऊन गप बसली होती, जशी कायम बसते. आतल्या ओट्यावरच्या बायका ओरडत होत्या. चांगुणानं तोंडावरचा घाम पदरानं पुसला, टोप गुडघ्यापाशी ओढला आणि आवाज टाकला.

"खेकडंऽऽ, नदीचं खेकडंऽऽ, ताजं घ्या, जितं घ्या."

सखूबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं. रिक्षावाल्यानं वळून शिवी दिली. एका गिऱ्हाइकानं स्कूटर थांबवून भाव विचारला, आणि चांगुणानं पाला बाजूला सारला.